९९ टक्के कशाचे?

रिपोर्ट आला तेव्हा रात्रीचे साडेदहा वाजले होते. पाच पानांची पीडीएफ, मामाच्या नंबरवरून, आणि खाली व्हॉइस नोट : "माय, काय लिवलंय बघ बरं त्याच्यात. इथलं पोरगं म्हणलं डॉक्टर सोमवारी येतेत."

आमच्या खानदानात इंग्रजी वाचणारी मी. पीकविम्याचा फॉर्म, बँकेची नोटीस, कुणाच्या तरी मुलीच्या ॲडमिशनचं पत्र, सगळं माझ्याकडे येतं. मी पुण्यात एका कंपनीत अकाउंट्स बघते, शिक्षण बी.कॉम., पण गावाकडे हे कोण विचारतं? फोन हातात आहे, इंग्रजी येतं, म्हणजे सगळंच येतं. तुमच्याही घरात असं कुणीतरी असेल. हे इथवर वाचत आलात म्हणजे बहुधा ते तुम्हीच आहात. म्हणूनच हा लेख तुमच्याशी भांडायला लिहितेय. माझ्याशीही आहेच, पण ते भांडण मी आधीच हरलेय.

रिपोर्ट माझ्या मामेभावाचा होता. वय साडेपाच, घरात सगळे त्याला छोट्या म्हणतात. तीन आठवडे पोट दुखत होतं. आधी जंताचं औषध झालं, मग एका डॉक्टरांनी पोटाचा टीबी असेल म्हणून गोळ्या लिहिल्या, मग हाताला लागेल एवढी गाठ आली आणि जिल्ह्याच्या ठिकाणी सोनोग्राफी, बायोप्सी असं सगळं झालं. पाच पानांतले मला कळलेले शब्द मोजकेच. 'बर्किट लिम्फोमा'. 'ॲग्रेसिव्ह'. आणि तक्त्यातली शेवटची ओळ : की-६७, ९९ टक्के.

मी काय केलं असेल ते तुम्हाला माहीत आहे. ते दोन शब्द सर्चमध्ये टाकले. पहिल्या पानावर जे आलं त्याचा सारांश एवढाच की की-६७ म्हणजे गाठीतल्या पेशी किती वाढतायत त्याचं माप, आणि ते जास्त असेल तर पुढचं चित्र वाईट. कुठे २० टक्क्यांच्या वरचं 'जास्त' म्हटलं होतं, कुठे ३० च्या. आमचं ९९. मी फोन उशीखाली ठेवला, परत काढला, आणि आईला सांगितलं, "आई, शंभरातले नव्याण्णव."

आईनं मामाला सांगितलं. फोनवरून गावात पोचेपर्यंत त्याचं झालं : नव्याण्णव टक्के गेलंय, एक टक्का राहिलंय. मग भेटायला माणसं यायला लागली. कुणी डाळिंब आणलं, कुणी कुठल्या तरी बाबाचा अंगारा. मोठ्यांची बैठक झाली आणि ठरलं की पोराला मुंबईला नेऊन सुया टोचून हाल करण्यापेक्षा जेवढे दिवस आहेत तेवढे घरी राहू द्यावं. मामानं मला विचारलं, "तुझं काय मत हाय माय?" मी म्हणाले, "तुम्हाला योग्य वाटेल ते करा मामा." हे वाक्य मी आयुष्यात परत कुणाला म्हणणार नाही.

असे नऊ दिवस गेले.

दहाव्या दिवशी लॅबमधून फोन आला. रिपोर्टवर जिची सही होती तीच पॅथॉलॉजिस्ट बाई बोलत होती. तिचं म्हणणं एवढंच की पेशंटचे ब्लॉक आणि स्लाइड अजून कुणी नेले नाहीत, मुंबईला ते लागतील, तुम्ही गेला कसे ब्लॉकशिवाय? मामानं माझा नंबर दिला. मी तिला सांगितलं की आम्ही गेलोच नाही, ९९ टक्के आलंय ना. पलीकडे दोन सेकंद काही आवाज नाही. मग ती जवळजवळ ओरडलीच : "अहो, नव्याण्णव आलंय म्हणूनच तर आजच्या आज निघा म्हणतेय! याच्यावर औषध लागू पडतं!"

ती ओरडली नसती तर हा लेख नसता, आणि छोट्याही नसता.

आता मुद्द्यावर येते. माझा आरोप असा आहे की लहान मुलांच्या लिम्फोमात हा आकडा भविष्य सांगतो अशी आपण समजूत करून घेतलीय, ती चुकीची आहे, आणि ती चूक निरुपद्रवी नाही. त्या आकड्याकडे बघून आपण हात टेकतो. मूल पेशींमुळे जेवढं दगावत नाही तेवढं या हात टेकण्यानं दगावतं.

आधी हा की-६७ आहे कोण, ते बघू. १९८३ साली जर्मनीतल्या कील शहरात योहानेस गेर्डेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हॉजकिन लिम्फोमाच्या पेशींची केंद्रकं उंदरांना टोचून वेगवेगळी प्रतिपिंडं तयार केली. ९६ खळग्यांच्या प्लास्टिकच्या प्लेटमध्ये ती तपासताना ६७ नंबरच्या खळग्यातलं एक प्रतिपिंड विचित्र वागताना दिसलं. ते फक्त विभाजनाच्या चक्रात असलेल्या पेशींना चिकटत होतं, निवांत बसलेल्या पेशींना नाही. कीलचं 'की' आणि खळग्याचे ६७. आमच्या घरात ज्या नावानं सुतक आणलं ते नाव म्हणजे एका शहराची आद्याक्षरं आणि एका खड्ड्याचा नंबर, एवढंच.

प्रयोगशाळेत आजही तत्त्व तेच आहे. गाठीचा पातळ काप काचेवर घेतात, प्रतिपिंड आणि रंग टाकतात, ज्या पेशी विभाजनाच्या चक्रात आहेत त्यांची केंद्रकं तपकिरी होतात. शंभरातल्या किती तपकिरी, हे पॅथॉलॉजिस्ट डोळ्यांनी बघून सांगतात. मधल्या आकड्यांबाबत दोन पॅथॉलॉजिस्टचं एकमत होईलच असं नाही. आणि एक गोष्ट नीट लक्षात घ्या : मैदानात कितीजण पळतायत ते हा आकडा सांगतो, ते किती वेगानं पळतायत ते नाही. आणि पळून कुठे पोचणार आहेत ते तर अजिबातच नाही.

बर्किट लिम्फोमात जवळजवळ सगळेच पळत असतात. तिथे ९५ च्या पुढचा आकडा ही त्या आजाराची ओळख आहे, आधार कार्डावरच्या फोटोसारखी. उलट आकडा ६० आला तर पॅथॉलॉजिस्टच्या कपाळावर आठी पडते, कारण मग हे बर्किट आहे का हीच शंका. बर्किटच्या रिपोर्टमध्ये ९९ बघून हाय खाणं म्हणजे उसात साखर सापडली म्हणून उसाला मधुमेह झाला असं म्हणणं. मी नेमकं तेच केलं होतं.

मग ते २० आणि ३० टक्के कुठून आले? मोठ्या माणसांच्या आजारांतून. स्तनाच्या कॅन्सरमध्ये की-६७ वीस टक्क्यांच्या आसपास आहे की वर, यावर डॉक्टर वर्षानुवर्षं वाद घालतायत. मँटल सेल लिम्फोमा हा उतारवयातला आजार, त्यात ३० टक्क्यांची रेषा खरोखर कामाची आहे. त्या माणसांसाठी हे आकडे खोटे नाहीत. पण सर्च इंजिनला पेशंटचं वय माहीत नसतं. ते साठ वर्षांच्या बाईचं उत्तर साडेपाच वर्षांच्या पोराच्या हातात ठेवतं, आणि आपण ते त्याच्या बापाला वाचून दाखवतो.

मुलांच्या लिम्फोमात तर कधीकधी गणित चक्क उलटं फिरतं. मोठ्यांचा फॉलिक्युलर लिम्फोमा बहुतेकदा हळू वाढतो. माणूस वर्षानुवर्षं त्याच्याबरोबर जगतो, पण नेहमीच्या औषधांनी तो मुळासकट जाणं अवघड. मुलांमध्ये याच नावाचा एक वेगळा प्रकार आहे. त्यात पेशी वाढण्याचं प्रमाण जास्त असतं, इतकं की जास्त असणं हा निदानाचाच एक भाग आहे. आणि त्या मुलांचं बहुतेक वेळा छान होतं. गाठ एकाच जागी असेल तर अनेकदा ती काढून टाकली की काम संपतं. 'हळू वाढतं ते बरं, भराभर वाढतं ते वाईट' हे आपलं शहाणपण तणाच्या बाबतीत खरं असेल. इथे ते चालत नाही.

का चालत नाही, ते कळायला केमोची औषधं करतात काय ते बघावं लागतं. बर्किटच्या उपचारातलं एक औषध व्हिन्क्रिस्टिन. ते सदाफुलीपासून येतं. तीच, तुमच्या अंगणातली, पत्र्याच्या डब्यात लावलेली गुलाबी सदाफुली. (म्हणून कुणी पानं चावायला जाऊ नका, ती विषारी आहेत.) पेशी दोन होताना आतली गुणसूत्रं वाटून घेण्यासाठी जे दोर लागतात ते हे औषध बनू देत नाही. दुसरं मेथोट्रेक्सेट. पेशीला नवा डीएनए बनवायला फोलेट लागतं, ते वापरण्याची वाटच हे अडवतं. तिसरं सायक्लोफॉस्फमाइड, ते डीएनएच्या धाग्यांना एकमेकांत अडकवून टाकतं. तिन्हींचा सगळ्यात जोरदार वार विभाजन करणाऱ्या पेशीवर होतो. जी पेशी झोपलीय ती हल्ला झोपेत काढू शकते. जी सतत दोनाच्या चार, चाराच्या आठ करतेय तिला लपायला वेळच नाही. छोट्याच्या गाठीतल्या शंभरातल्या नव्याण्णव पेशी उघड्यावर होत्या. मला तो आकडा मरणाचा वाटला, आणि डॉक्टरांना तो नेम धरायची जागा दिसत होता.

फोलेटचा विषय निघालाच आहे तर एक सांगते. या औषधाच्या कहाणीचं एक टोक मुंबईत आहे, परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये. १९२८ नंतर ल्युसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टर गिरणगावातल्या गरोदर बायांना होणारा एक जीवघेणा पंडुरोग तिथे अभ्यासत होती. यीस्टच्या अर्कानं, म्हणजे मार्माइटनं, त्या बऱ्या होतात हे तिनं १९३१ साली छापलं. त्यातला तो घटक म्हणजे फोलेट. पुढे अमेरिकेत यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या प्रयोगशाळेनं फोलेटला अडवणारी रसायनं बनवली आणि बॉस्टनच्या सिडनी फार्बरनी १९४८ साली रक्ताच्या कॅन्सरच्या मुलांवर त्यांचा परिणाम जाहीर केला. मेथोट्रेक्सेट त्याच घराण्यातलं. ज्या परळला जायला आमचे लोक 'आता काय उपयोग' म्हणत होते, तिथूनच या औषधाच्या गोष्टीला सुरुवात झाली होती.

आणि बर्किट. डेनिस बर्किट हा आयर्लंडचा सर्जन युगांडात कंपालाच्या मुलागो हॉस्पिटलमध्ये काम करत होता. लहानपणी अपघातात एक डोळा गेलेला. १९५७ साली त्यानं जबड्याच्या चारही बाजू सुजलेलं एक मूल पाहिलं, १९५८ साली त्यावर पेपर लिहिला, आणि १९६१ साली दोन मित्रांना घेऊन जुन्या फोर्ड गाडीतून सुमारे दहा हजार मैल फिरला, हा आजार कुठे होतो आणि कुठे नाही ते नकाशावर मांडायला. पण माझ्या मुद्द्यासाठी महत्त्वाचं वेगळंच आहे. त्या काळी तिथे धड सोयी नव्हत्या. अशा ठिकाणी सायक्लोफॉस्फमाइडचे थोडेसे डोस दिल्यावर जबड्याएवढ्या गाठी दिवसांत विरघळायच्या, आणि त्यातली काही मुलं पुढे वर्षानुवर्षं जगली. सगळी नाही, पण काही जगली. साठीच्या दशकातल्या युगांडात, इतक्या कमी औषधावर. माणसाला होणाऱ्या सगळ्यात वेगानं वाढणाऱ्या गाठींपैकी एक गाठ केमोपुढे सगळ्यात आधी नमलेल्या गाठींपैकीही एक होती, आणि हे जगाला साठ वर्षांपासून माहीत आहे. आमच्या तालुक्यापर्यंत ते अजून आलेलं नाही.

इथे कुणी म्हणेल, म्हणजे आकड्याला काही अर्थच नाही? आहे. वेगाचा अर्थ असा की तुमच्याकडे वेळ नाही. बर्किटची गाठ अक्षरशः दिवसांत मोठी होते. पेशी दुप्पट व्हायचा हिशोब एक ते दोन दिवसांचा मांडतात. जितक्या जन्मतात तितक्यातल्या बऱ्याच मरतात, म्हणून प्रत्यक्ष गाठ त्या मानानं हळू वाढते. पण मेलेल्या पेशींचा माल रक्तात सांडतो : पोटॅशियम, फॉस्फेट, युरिक ॲसिड. ते किडनीत अडकतं. आम्ही घालवलेल्या नऊ दिवसांत छोट्याच्या पोटाचा घेर शर्टाची बटणं लागेनात इतका वाढला. लघवी कमी झाली होती, ती आम्हाला 'पाणी कमी पितोय' म्हणून वाटत होती. मुंबईला पोचला तेव्हा केमो सोडाच, आधी किडनीवर उपचार करावे लागले. दोनदा डायलिसिस. हे सगळं माझ्या वाचनाचं बिल होतं. भरलं त्यानं.

मग पहिला आठवडा हलक्या औषधांचा. त्याला डॉक्टर फार महत्त्व देत होते, कारण त्या आठवड्यानंतर गाठ किती आटली यावर पुढचे उपचार किती कडक ते ठरतं. सातव्या दिवसाच्या सोनोग्राफीनंतर निवासी डॉक्टर मुलगी, माझ्याच वयाची असेल, मामाला म्हणाली, "काका, निम्म्याहून कमी झाली." मामाला टक्केवारीची धास्ती बसलेली. त्यानं विचारलं, "म्हंजे किती टक्के वाचलं?" ती हसली नाही. शेजारी बसली आणि पंधरा मिनिटं समजावून सांगितलं. बघा, छोट्याचं भविष्य सांगण्याच्या जवळ जाणारी गोष्ट होती ती ही. त्याशिवाय आजार मेंदू-मज्जारज्जूत किंवा अस्थिमज्जेत गेलाय का, रक्तातलं एलडीएच किती, स्टेज कुठली. की-६७ त्या यादीत नाही. असणार कसं? ज्या परीक्षेत सगळ्यांनाच ९५ च्या वर मार्क मिळतात, त्या मार्कांवर कुणाची निवड करणार?

आणि स्टेज म्हणजे तरी काय? काही अंशी आजाराचा स्वभाव, मान्य. पण काही अंशी ती एसटीची टाइमटेबल, जंताच्या औषधाचे दहा दिवस, टीबीच्या गोळ्या, सोमवारी येणारा डॉक्टर आणि पुण्यात बसलेली बी.कॉम. भाची.

हा माझा भावनेचा मुद्दा नाही, आकडेही हेच सांगतात. जागतिक आरोग्य संघटनेनुसार श्रीमंत देशांत कॅन्सर झालेल्या मुलांपैकी ८० टक्क्यांहून जास्त बरी होतात. अनेक गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत हेच प्रमाण ३० टक्क्यांच्याही खाली आहे. संघटना याची कारणं मोजते ती अशी : निदान न होणं, चुकीचं किंवा उशिरा होणं, उपचारापर्यंत पोचता न येणं, उपचार अर्धवट सोडणं, औषधांच्या दुष्परिणामांनी मृत्यू, आजार उलटणं. बर्किटचंच बघायचं तर २०२० साली एक मोठा आंतरराष्ट्रीय अभ्यास छापून आला. जास्त धोक्याच्या गटातली, म्हणजे आजार पसरलेली ३२८ मुलं, बहुतेक बर्किटचीच. केमोबरोबर रिटुक्सिमॅब दिलेल्या गटात तीन वर्षांनंतर ९३.९ टक्के मुलं आजार न उलटता ठीक होती. नुसत्या केमोच्या गटात ८२.३ टक्के. यातल्या बर्किटच्या मुलांचा की-६७ काय असेल? आमच्या छोट्याएवढाच. पेशीला पॅरिस आणि परभणी यांतला फरक कळत नाही. रिटुक्सिमॅबची भारतीय आवृत्ती २००७ पासून बाजारात आहे. म्हणजे औषध आपल्याकडे आहे आणि ज्ञानही आहे. कमी पडतो तो मधला रस्ता.

त्या रस्त्यावर काय काय लागतं ते मामाकडून ऐका. पहाटे दादरला उतरल्यावर कुठल्या बाजूला जायचं. योजनेतून उपचार मिळायला रेशन कार्ड, आणि त्यावर पोराचं नावच चढवलेलं नाही, कारण पाच वर्षांच्या पोराचं नाव चढवायला तालुक्याला कोण खेटे घालतं? राहायचं कुठे. गाडगे महाराजांच्या धर्मशाळेत जागा मिळाली तर देव पावला. २००६ पासून सेंट ज्यूड इंडियासारख्या संस्था कॅन्सरच्या मुलांना आईबापासकट मोफत ठेवून घेतात, त्या नसत्या तर कितीतरी कुटुंबं दुसऱ्या केमोलाच परत गेली असती. आणि हे सगळं पाच महिने, रानात सोयाबीन उभं असताना.

वॉर्डात छोट्याच्या समोरच्या खाटेवर एक आठ वर्षांची मुलगी होती. तिला हॉजकिन लिम्फोमा होता, मुलांच्या कॅन्सरमधला सगळ्यात आशादायक आजारांपैकी एक. तिच्या रिपोर्टवरचा कुठलाच आकडा कुणाला घाबरवणारा नव्हता. दुसऱ्या केमोनंतर मानेवरच्या गाठी हाताला लागेनाशा झाल्या. तिच्या आजोबांनी ठरवलं, पोरगी बरी झाली, पेरणी तोंडावर आली, चला. मामीनं त्यांना थांबवायचा प्रयत्न केला. ते म्हणाले, "गाठ गेली ना आता? मग कशाला विष घालायचं?" पुढच्या तारखेला ती खाट रिकामी होती. मामी महिनाभर त्यांचा फोन लावत होती.

छोट्या ९९ वाला. ती पोरगी निर्धास्त रिपोर्टवाली. आता सांगा, भविष्य कुठल्या पानावर छापलेलं होतं?

एक हिशोब प्रामाणिकपणे द्यायला हवा, नाहीतर मीही त्या सर्चच्या पहिल्या पानासारखीच होईन. सगळी मुलं वाचत नाहीत. चांगल्या रुग्णालयात, वेळेत आलेलं, पूर्ण उपचार घेतलेलं मूलही जातं. बर्किट उलटला तर दुसऱ्यांदा तो बरा करणं फार कठीण असतं. उलटायचा असेल तर बहुतेकदा पहिल्या वर्षातच उलटतो, म्हणून ते वर्ष आमच्या घरानं श्वास रोखून काढलं. 'पॉझिटिव्ह राहा, सगळं होतं नीट' असं सांगणाऱ्यांची मला चीड येते. मनाच्या जोरावर पोटॅशियम उतरत नाही. मी आशा विकत नाहीये. मी फक्त म्हणतेय की वाईट बातमीसुद्धा खऱ्या कारणासाठी वाईट असावी.

डॉक्टरांशीही माझं भांडण आहे. ज्या कागदावर एका मुलाचा कॅन्सर लिहिलाय तो कागद काउंटरवरच्या पोरानं पीडीएफ करून पाठवावा आणि डॉक्टरनं सोमवारी यावं, हे कुठल्या शास्त्रात बसतं? 'आमच्याकडे रोज इतके पेशंट, वेळ कुठे आहे' हे उत्तर मी ऐकलंय आणि ते खोटं नाही हेही पाहिलंय. पण वेळ डॉक्टरचाच हवा असं कुठे आहे? समुपदेशक, नर्स, प्रशिक्षित समाजसेवक, कुणीही चालेल. आणि तेही नसेल तर रिपोर्टखाली मराठीत दोन ओळी छापा : या आजारात हा आकडा एवढाच येतो; घाबरून थांबू नका, अमुक ठिकाणी ताबडतोब जा. या दोन ओळींना किती शाई लागते? त्या नसल्यामुळे आमचे नऊ दिवस गेले.

आणि तुम्ही. रिपोर्ट वाचू नका असं मी म्हणत नाही. वाचा, प्रश्न काढा, लिहून ठेवा. माहिती लपवून पेशंटला अंधारात ठेवण्याचे दिवस परत आणायला मी बसलेली नाही. पण वाचता येणं आणि कळणं यात जे अंतर आहे ते तुमच्या इंग्रजीनं भरत नाही. घरातले तुमच्यावर विश्वास ठेवतात. तुमच्या तोंडून बाहेर पडलेला आकडा तिकडे गावात पोचेपर्यंत निकाल झालेला असतो, आणि त्यावर अपील करायला साडेपाच वर्षांच्या पोराला कुणी विचारत नाही.

छोट्या आता तिसरीत आहे. केस आधीपेक्षा कुरळे आलेत. तिसऱ्या वर्षाची तपासणी परवा झाली. त्याला सगळ्यात जास्त आठवतं ते डायलिसिसच्या मशीनचा आवाज आणि समोरच्या खाटेवरच्या ताईची रंगपेटी.

मामा मात्र बदलला. गावात कुणाचाही रिपोर्ट आला की तो आधी मामाकडे येतो आणि मामा मला फॉरवर्ड करतो. मागच्या महिन्यात शेजारच्या वस्तीवरच्या एका सात वर्षांच्या पोराचा आला. मानेत गाठी. खाली व्हॉइस नोट : "माय, टक्के बघू नको. त्यायला फक्त कधी निघायचं ते सांग."

मी पीडीएफ उघडली नाही. फोन केला आणि विचारलं, लॅबमधून ब्लॉक आणि स्लाइड घेतल्या का? नाही म्हणाले. म्हटलं, उद्या सकाळी आधी ते मागून घ्या. रेशन कार्डावर पोराचं नाव आहे का बघा, नसेल तरी निघा, ते नंतर करता येतं. जन्माचा दाखला, आधार, आधीच्या गोळ्यांच्या चिठ्ठ्या, सगळं एका पिशवीत. स्टेरॉइडची गोळी कुणी दिली असेल तर चिठ्ठी नक्की ठेवा. देवगिरी रात्रीची आहे. दादरला पहाटे मामाच्या ओळखीचा एकजण उभा राहील, त्याच्या हातात पिवळी छत्री असेल.